सायक्लोस्पोरा: आठवडाभर उशिरा उठणारं पोटाचं दुखणं ओळखायचं आणि टाळायचं कसं

पोट बिघडलं की आपण काल काय खाल्लं ते आठवू लागतो, आणि बहुतेकदा दोषी पदार्थ सापडतोही. सायक्लोस्पोरा नावाचा परजीवी पोटात गेला असेल, तर मात्र ही आठवण हमखास चुकीच्या ताटाकडे बोट दाखवते. त्याचा त्रास सुरू होतो तो खाल्ल्यापासून साधारण सात दिवसांनी. ज्या पदार्थातून तो आला, तो एव्हाना विस्मरणात गेलेला असतो.

या आजारात दोन ठिकाणी उशीर लागतो, एकदा शरीराबाहेर आणि एकदा शरीरात. हे दोन उशीर नीट समजले की काय धुवायचं, काय शिजवायचं, डॉक्टरांना काय सांगायचं आणि कुठली तपासणी मागायची हे वेगळं पाठ करावं लागत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी हा परजीवी समजून घ्या

पूर्ण नाव सायक्लोस्पोरा कायेटानेन्सिस. हा एकपेशीय जीव आहे आणि माणसाच्या लहान आतड्याच्या अस्तरात वाढतो. आतड्यात त्याच्या टणक कवचाच्या गोल पेशी तयार होतात, त्यांना ऊसिस्ट म्हणतात. एका ऊसिस्टचा व्यास ८ ते १० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशीहून जरासा मोठा. पानावर असे शेकडो चिकटलेले असले तरी डोळ्यांना काही दिसणार नाही, वासाला आणि चवीलाही काही फरक पडणार नाही.

पापुआ न्यू गिनीतल्या रुग्णांच्या शौचात अशा पेशी आढळल्याची नोंद १९७९ साली प्रसिद्ध झाली. पुढची कित्येक वर्षं हे नेमकं आहे तरी काय, यावरच एकमत होईना. काहींना ते नील-हरित शैवालाच्या जातीचं वाटत होतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पेरूमध्ये लिमा इथल्या कायेटानो एरेदिया विद्यापीठातल्या संशोधनातून त्याची ओळख पक्की झाली आणि नावही त्या विद्यापीठावरून पडलं. वैद्यकाच्या मानाने ही ओळख तशी नवीच आहे. जुलाबाचं कारण शोधताना अनेकांना हे नाव चटकन सुचत नाही, त्याला हेही एक कारण आहे.

आता पहिला उशीर. बाधित माणसाच्या शौचातून ऊसिस्ट बाहेर पडतात तेव्हा ते कच्चे असतात. त्या अवस्थेत ते दुसऱ्याच्या पोटात गेले तरी त्याला बाधा होत नाही. २२ ते ३२ अंश सेल्सिअस तापमानात, ओलावा असलेल्या जागी, एक ते दोन आठवडे गेले की कवचाच्या आत दोन छोटे कोश तयार होतात आणि प्रत्येक कोशात दोन, असे चार जीव बसतात. मग ते ऊसिस्ट बाधा करायला तयार झालं. थंडीत हीच पक्वता आणखी लांबते, पण ऊसिस्ट मरत नाही. फ्रिजमध्ये ठेवल्याने तो नुसता थांबतो.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि त्या फार महत्त्वाच्या आहेत. घरात कुणाला हा आजार झाला असेल तर त्याच्याकडून थेट दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता जवळपास नाही. त्याचं ताट वेगळं करायची, त्याला खोलीत कोंडायची गरज नाही. शौचानंतर साबणाने हात धुवायचेच, पण ते इतर जंतूंसाठी.

दुसरी गोष्ट अशी की माणूस हाच या परजीवीचा आजवर माहीत असलेला एकमेव यजमान आहे, म्हणजे तो फक्त माणसाच्याच शरीरात वाढतो. गाई-म्हशी, कुत्री, पक्षी यांच्याकडून तो येत नाही. भाजीच्या पानावर सायक्लोस्पोरा असेल तर तिथे माणसाची विष्ठा पोहोचली होती, मग ती सिंचनाच्या पाण्यातून असो, फवारणीच्या पाण्यातून असो किंवा तोडणी करणाऱ्या हातांतून. मेक्सिकोतल्या प्वेब्ला राज्यातून येणाऱ्या कोथिंबिरीवर अमेरिकेने २०१५ साली हंगामी निर्बंध घातले, तेव्हा तिथल्या काही शेतांत पाहणी करणाऱ्यांना वाफ्यांच्या आसपास मानवी विष्ठा आणि टॉयलेट पेपर आढळला होता. शेतमजुरांना शौचालय आणि हात धुवायला स्वच्छ पाणी मिळणं हा या आजारावरचा सगळ्यात वरचा इलाज आहे, असं माझं ठाम मत आहे. स्वयंपाकघरात आपण जे करतो ते सगळं त्याच्या नंतरचं. तुम्ही स्वतः भाजी पिकवत असाल, मजूर लावत असाल किंवा हॉटेलसाठी घाऊक माल घेत असाल, तर पहिला प्रश्न तोच विचारा.

कशातून येतो

आजवरच्या मोठ्या उद्रेकांत रासबेरी, कोथिंबीर, बेझिल (तुळशीच्या जातीची परदेशी पानं), सॅलडची मिश्र पानं आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या वाटाण्याच्या कोवळ्या सपाट शेंगा पुन्हा पुन्हा सापडल्या आहेत. सगळ्यांत समान धागा असा की जमिनीच्या जवळ वाढणारा किंवा हाताने तोडलेला माल, पृष्ठभाग खडबडीत नाहीतर घड्या पडलेला, आणि खाताना कच्चा.

१९९६ सालची घटना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. अमेरिका आणि कॅनडात मिळून १,४६५ जणांना बाधा झाली. सुरुवातीला टेक्सासमधल्या आरोग्य अधिकाऱ्यांचा संशय कॅलिफोर्नियाच्या स्ट्रॉबेरीवर गेला आणि त्या शेतकऱ्यांचं मोठं नुकसान झालं. पुढे तपासात उघड झालं की कारण होतं ग्वाटेमालाहून आलेली रासबेरी. समारंभांत दोन्ही फळं एकत्र वाढली गेली होती. खाणं आणि आजारपण यांत आठवड्याचं अंतर पडलं की तज्ज्ञांचाही अंदाज असा चुकतो. मग घरबसल्या ‘त्या हॉटेलातलंच बाधलं’ असं छातीठोक सांगणं किती फोल आहे ते बघा. २०१८ साली अमेरिकेत एका फास्ट फूड साखळीच्या सॅलडमुळे ५११ जण आजारी पडले, आणि २०२० साली पाकीटबंद सॅलडमुळे पुन्हा मोठा उद्रेक झाला. म्हणजे ‘धुतलेलं, वापरायला तयार’ असं पाकिटावर छापलेलं असलं तरी तो हमीपत्राचा कागद समजू नये.

समशीतोष्ण देशांत रुग्ण उन्हाळ्यात वाढतात. काठमांडूत वर्षानुवर्षं पाहणी करणाऱ्या डॉक्टरांना पावसाळ्याच्या आधी आणि पावसाळ्यात ही लाट दिसते. उबदार आणि ओल्या हवेत ऊसिस्ट पिकतात हे आधी पाहिलंच आहे.

पायरी १: कच्चं खायचं की शिजवून, हे आधी ठरवा

घरात खात्रीचा उपाय एकच, उष्णता. पूर्ण शिजलेल्या भाजीतून सायक्लोस्पोरा होत नाही. म्हणून बाजारातून आणलेला माल ओट्यावर ठेवला की मनात दोन वाटे करा: हे शिजणार, हे कच्चंच जाणार. शिजणाऱ्या वाट्याला नेहमीसारखं स्वच्छ धुतलं की पुरे. सगळी मेहनत कच्च्या वाट्यावर खर्च करायची.

इथे एक फसगत फार होते. पदार्थ उकळता असतो, गॅस बंद होतो आणि वरून चिरलेली पानं भुरभुरवली जातात. ती पानं गरम पदार्थावर पडली म्हणून शिजत नाहीत, कोमेजतात, एवढंच. ज्यांना धोका टाळायचाच आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं, गरोदर स्त्रिया, फार वयस्क मंडळी, त्यांच्यासाठी पानं गॅस चालू असतानाच घाला आणि दोन-तीन मिनिटं खदखदू द्या. स्वाद थोडा उतरतो, पण अशा घरांत तेच करावं. मायक्रोवेव्हमध्ये तापवत असाल तर मधे दोनदा तरी ढवळा, कारण त्यात अन्न सगळीकडे सारखं तापत नाही.

घरगुती फ्रीझरवर भिस्त ठेवू नका. गोठवलेली बेरी थेट शेकमध्ये घालण्याची सवय असेल, तर आधी शिजवून तिचा पाक किंवा मुरंबा करून घेतलेला बरा.

पायरी २: कच्च्या वाट्याचं धुणं

धुण्याने ऊसिस्ट मरत नाहीत, ते निसटून जातात. म्हणजे सगळा जोर पाण्याच्या वाहण्यावर आणि हाताच्या चोळण्यावर. भांडंभर पाण्यात जुडी बुडवून वर काढणं म्हणजे एका पानावरचं दुसऱ्या पानाला लावणं.

आधी हात साबणाने वीस सेकंद धुवा. सिंक आणि चाळणी घासून घ्या. जुडीचा दोरा सोडा, मुळं आणि देठांचा मातीकडचा भाग कापून टाका, सडकी-पिवळी पानं वेगळी काढा. सॅलडच्या गड्ड्याची बाहेरची दोन-तीन पानं सरळ टाकून द्या आणि उरलेली एकेक सुटी करा. पाण्यात एकदा बुडवून माती खाली बसू द्यायची असेल तर बसू द्या, पण नंतर पानं वर उचलून घ्या. पाणी चाळणीत ओतलंत तर तीच माती परत पानांवर येते. मग नळाच्या धारेखाली पानाच्या दोन्ही बाजूंवरून अंगठा फिरवा. पान देठाला जिथे मिळतं ती खाच आणि पानाच्या उलट्या बाजूची शीर, या दोन जागांवर जास्त वेळ द्या. शेवटी स्वच्छ फडक्यात किंवा कागदी रुमालात कोरडी करा. पुसण्यानेही थोडं निघून जातं.

काकडी, गाजर, सालीचं फळ असेल तर ब्रशने घासा, आणि सोलायचं असलं तरी आधी धुवा, नाहीतर सुरीबरोबर सालीवरचं आत जातं.

रासबेरीचं काय करायचं? खरं सांगायचं तर तिच्यापुढे धुणं कमी पडतं. प्रत्येक दाण्यामध्ये खाच, वर बारीक लव, आणि जोरात धार सोडली तर फळाचा लगदा होतो. ज्यांची प्रकृती नाजूक आहे त्यांनी ती कच्ची खाऊ नये, असं मी सांगेन. धडधाकट माणसाने खाण्याच्या अगदी आधी हलक्या धारेखाली धुऊन खावी आणि थोडी जोखीम उरते हे लक्षात ठेवावं.

पाकीटबंद ‘धुतलेली’ पानं घरी पुन्हा धुवावीत का, हा नेहमीचा प्रश्न आहे. अन्नसुरक्षेचा सर्वसाधारण सल्ला असा की गरज नाही, कारण घरच्या सिंकमधले जंतू त्यांना लागू शकतात. शंका वाटत असेल तर ती पानं शिजवा.

चिरलेलं किंवा सोललेलं फळ, भाजी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. याने सायक्लोस्पोरा मरत नाही, पण इतर जिवाणू वाढत नाहीत.

पायरी ३: क्लोरीनवर विसंबू नका

व्हिनेगर, मिठाचं पाणी, भाजी धुण्याची विकतची द्रावणं, क्लोरीनच्या गोळ्या यांपैकी कशावरही सायक्लोस्पोराच्या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही. त्या कवचावर पिण्याच्या पाण्यात घालतात तेवढ्या क्लोरीनचा परिणाम होत नाही. १९९४ साली नेपाळमधल्या पोखरा इथे ब्रिटिश गुरखा दलाच्या एका छोट्या तुकडीत १४ पैकी १२ जणांना बाधा झाली. पाण्याचं क्लोरिनीकरण चालू होतं, पाण्यात क्लोरीन शिल्लकही होता, तरी त्याच पाण्यावर संशय आला आणि तपासात ते खरं ठरलं.

पाण्याबद्दल शंका असेल तर उकळा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. उकळता येत नसेल तर एक मायक्रॉन किंवा त्याहून बारीक छिद्रांचा गाळणा चालतो, कारण ऊसिस्ट त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. बर्फ आणि भाजी धुवायचं पाणी यांनाही हाच नियम लागू करा. पिण्याचं पाणी उकळून घ्यायचं आणि पानं संशयित नळाखाली धुवायची, हे प्रवासात सर्रास घडतं.

पायरी ४: लक्षणं ओळखा

आता दुसरा उशीर. पक्व ऊसिस्ट पोटात गेल्यावर कवच फुटतं, आतले जीव लहान आतड्याच्या पेशींत शिरतात, तिथे वाढतात आणि मग त्रास सुरू होतो. यात साधारण एक आठवडा जातो. कधी दोनच दिवस, कधी दोन आठवड्यांहून जास्त.

पाण्यासारखे जुलाब हे मुख्य लक्षण. सोबत पोट फुगणं, गुडगुड, वात, कळा, मळमळ आणि अन्नावरची वासनाच जाणं. ताप असला तर बारीक, बऱ्याचदा नसतोच. शौचात रक्त पडत नाही. पडत असेल तर कारण दुसरं काहीतरी आहे आणि डॉक्टरांकडे त्याच दिवशी जायला हवं.

दोन खुणा मला सगळ्यात बोलक्या वाटतात. एक म्हणजे थकवा. जुलाबांच्या मानाने तो फारच जास्त असतो; जिना चढवत नाही, दिवसभर पडून राहावंसं वाटतं, वजन उतरतं. दुसरी म्हणजे उलटणं. चार दिवस बरं वाटतं, माणूस नेहमीचं जेवायला लागतो आणि पुन्हा सुरू. उपचार न केल्यास हे काही दिवसांपासून महिनाभर किंवा त्याहूनही जास्त चालू शकतं. साधं ‘बाधलेलं’ पोट दोन-तीन दिवसांत सावरतं. आठवडा उलटूनही जुलाब थांबत नसतील, किंवा थांबून परत येत असतील, तर घरगुती उपाय पुरे झाले असं समजा.

तोवर शरीरातलं पाणी टिकवणं हे काम तुमचं. ओआरएसचं पाकीट सगळ्यात चांगलं. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. चमचा सपाट भरायचा, शीग काढून. मीठ जास्त झालं तर मुलांना अपाय होतो. लघवी फार कमी आणि गडद होत असेल, उभं राहिल्यावर घेरी येत असेल, लहान मूल मलूल पडलं असेल, तर थांबू नका.

पायरी ५: तपासणी नाव घेऊन मागा

शौचातल्या जंतांच्या नेहमीच्या तपासणीत सायक्लोस्पोरा बहुतेकदा सुटतो. त्याच्यासाठी नमुना रंगवण्याची वेगळी पद्धत लागते, अतिनील प्रकाशाखालची सूक्ष्मदर्शक तपासणी लागते किंवा पीसीआर, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणारी तपासणी. म्हणून डॉक्टरांना सरळ सांगा: ‘आठवड्याहून जास्त जुलाब आहेत, मधे थांबून परत आले, फार थकवा आहे. सायक्लोस्पोराची तपासणी यात येते का?’ असं विचारण्यात आगाऊपणा काही नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर नाव लिहिलं तरच प्रयोगशाळा ते शोधते.

एक नमुना नकारात्मक आला म्हणून विषय संपत नाही. ऊसिस्ट रोज सारखे पडत नाहीत आणि पडतात तेही थोडे. दोन-तीन दिवसांच्या अंतराने तीन नमुने द्यावेत. अहवालात आकार लिहिलेला असेल तर बघा: याच्यासारखाच दिसणारा क्रिप्टोस्पोरिडियम ४ ते ६ मायक्रॉनचा, म्हणजे जवळपास निम्म्या आकाराचा असतो, आणि त्याचा उपचार वेगळा आहे.

पायरी ६: औषध योग्य तेच, आणि पूर्ण

यावर लागू पडणारं औषध आहे कोट्रायमॉक्साझोल, म्हणजे ट्रायमेथोप्रिम आणि सल्फामेथॉक्साझोल यांची जोडगोळी. काठमांडूत झालेल्या आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा गुण स्पष्ट दिसला. प्रौढांना साधारणपणे १६० आणि ८०० मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस दिली जाते. मात्रा डॉक्टरच ठरवतील. सल्फाची अ‍ॅलर्जी, गरोदरपण, मूत्रपिंडाचा विकार किंवा जी-६-पीडी या तांबड्या पेशींतल्या विकराची जन्मजात कमतरता असेल तर ते आधी सांगायलाच हवं. सल्फा चालत नाही अशांसाठी इतकं खात्रीचं दुसरं औषध नाही; डॉक्टर काही पर्याय वापरून बघतात, किंवा नुसतं पाणी-क्षार राखत शरीराला वेळ देतात.

जुलाब म्हटलं की घरातलं उरलेलं मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल घेणारे खूप आहेत. सायक्लोस्पोरावर ती दोन्ही चालत नाहीत. अल्बेंडाझोल, नॉरफ्लॉक्सासिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन हेही नाही. ती घेतली, योगायोगाने चार दिवस आराम पडला, आणि मग उलटलं, की वाटतं औषध लागू पडलं होतं. तो आराम या आजाराच्या चढउतारातलाच असतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरं वाटलं तरी गोळ्या पूर्ण करा. थकवा जुलाबांनंतरही काही दिवस मागे राहतो. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही असंही नाही.

पायरी ७: चौदा दिवसांची यादी लिहा

निदान झालं त्याच दिवशी कागद घ्या आणि त्रास सुरू होण्याआधीच्या चौदा दिवसांत काय काय कच्चं खाल्लं ते लिहा. नुसत्या आठवणीवर हे जमत नाही. फोनमधले फोटो, बिलं, पैसे दिल्याचे मेसेज, ऑनलाइन मागवलेल्या जेवणाची नोंद उघडून तारीखवार जुळवा. हॉटेलात काय मागवलं एवढं लिहून भागत नाही. त्यावर वरून काय घातलेलं होतं, बाजूला पानं होती का, पेयात बर्फ किंवा पुदिन्यासारखी पानं होती का, सँडविचमध्ये काय होतं, हे लिहा. सजावटीचं पान कुणी मोजत नाही आणि नेमकं तेच कारण असू शकतं. प्रवास झाला असेल तर ठिकाण आणि तारखा.

अमेरिकेत हा आजार १९९९पासून देशभर नोंदवण्याच्या यादीत आहे, आणि जिथे अशी नोंद होते तिथे आरोग्य खात्याकडून फोन येतो. प्रश्न लांबलचक असतात, कंटाळवाणे वाटतात. तरी शांतपणे उत्तरं द्या; दहा-वीस रुग्णांच्या याद्या शेजारी ठेवल्यावरच कुठल्या मालाची कुठली खेप बाधित होती ते कळतं आणि ती उचलता येते. तुमच्याकडे अशी यंत्रणा नसली तरी यादी डॉक्टरांना दाखवा. त्या जेवणाला तुमच्याबरोबर असलेल्यांनाही कळवा. त्यांच्यापैकी कुणी एव्हाना दहा दिवस पोट धरून बसलं असेल आणि त्याला कारण सापडत नसेल.